बंद शटरं उघडताना : इंदिरानगरातल्या एका संकुलाचा अनुभव

खाली गाळे आणि वर फ्लॅट अशा इमारती नाशिकच्या इंदिरानगर, गोविंदनगर, पाथर्डी फाटा, अशोका मार्ग या पट्ट्यात जागोजागी आहेत. त्यांतल्या कितीतरी इमारतींत खालची निम्मी शटरं वर्षानुवर्षं उघडत नाहीत. आमच्या संकुलात बावीस गाळे होते आणि त्यांतले नऊ बंद. वर राहणाऱ्यांना दूध, भाजी, औषधं आणायला गाडी काढावी लागायची, आणि खाली जागा धूळ खात पडलेली. संस्थेची कार्यकारी समिती आणि गाळेमालक मिळून ही शटरं उघडायचं ठरवलं. त्या कामात काय काय करावं लागतं, कुठे अडतं आणि कशामुळे अडतं, ते इथे लिहितो आहोत.

आधी एक चूक सांगतो, कारण ती सगळेच करतात. गाळा जात नाही म्हटलं की मालक भाडं उतरवतो. आम्हीही तेच केलं. भाडं उतरल्यावर आले ते साठवणुकीसाठी जागा शोधणारे. कुणी टाइल्सचे नमुने ठेवले, कुणी केटरिंगची भांडी. भाडं सुरू झालं, पण शटर आठवड्यातून एकदाच उघडायचं. गोदाम झालेला गाळा शेजारच्या चालत्या दुकानालाही मारतो, कारण गिऱ्हाईक अंधाऱ्या शटरांच्या रांगेसमोर गाडी थांबवत नाही. भाडं हा प्रश्न होताच, पण पहिला नव्हता.

खरं काम मोजणीपासून सुरू झालं. एक कामाचा दिवस आणि एक रविवार धरला. सकाळी सहा ते रात्री दहा, दर तासातली पंधरा मिनिटं रस्त्यावर उभं राहून मोजायचं आणि आलेल्या आकड्याला चारने गुणायचं. पायी जाणारे, दुचाकी, चारचाकी असे वेगळे रकाने. नुसती रहदारी मोजून उपयोग नाही. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा : समोर थांबले किती? मोठ्या रस्त्यावरून तासाला शेकडो गाड्या जातात, पण भरधाव जाणारी गाडी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. शिवाय रस्त्याची बाजू बघावी लागते. सकाळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बाजूला चहा-नाश्ता चालतो. संध्याकाळी घरी परतणाऱ्या बाजूला भाजी, दूध, ब्रेड, औषध चालतं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर पलीकडचा माणूस वळसा घालून अलीकडे येत नाही. आपला गाळा कोणत्या बाजूला आहे, यावरून निम्मा निकाल आधीच लागलेला असतो.

गिऱ्हाइकाचा परिसर आखतानाही असंच. रोजच्या सामानासाठी माणूस चालत पाचशे मीटर येतो, म्हणजे सहा-सात मिनिटं. नकाशावर पाचशे मीटरचं वर्तुळ काढलं की वाटतं, केवढी वस्ती! पण त्या वर्तुळातून मुंबई-आग्रा महामार्ग जात असेल तर पलीकडचा अर्धा भाग खोडून टाका. इंदिरानगरच्या बोगद्यातली संध्याकाळची कोंडी ज्याने पाहिली आहे, तो कोथिंबिरीच्या जुडीसाठी पलीकडे जाणार नाही. नाला, मोठ्या संस्थेची लांबलचक भिंत, अंधारा मोकळा भूखंड, यांनीही वर्तुळ कापलं जातं. आमचं वर्तुळ निम्म्याहून कमी उरलं, तेव्हा कळलं की इथे कपड्यांचं मोठं दालन चालणार नाही. त्या खरेदीला लोक मेनरोड, एमजी रोड किंवा कॉलेज रोडला जाणारच. आपल्याकडे रोज लागणाऱ्या गोष्टी हव्यात.

मग कागद. सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो आणि इथे घाई केली तर पुढे दुप्पट वेळ जातो. पहिला कागद म्हणजे महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि भोगवटा दाखला, म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी. आमच्याकडे नकाशाची प्रत नव्हती. बिल्डरकडून मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस, प्रतींचे पैसे वेगळे. नकाशा हातात आल्यावर प्रत्येक गाळ्यासमोर त्याचा मंजूर वापर, चटईक्षेत्र आणि प्रत्यक्षातली स्थिती असे तीन रकाने भरले. दोन गाळ्यांच्या मधली भिंत पाडलेली सापडली, आणि नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या कोपऱ्यात पत्र्याची खोली. हे आधी दुरुस्त केलं. बँकेचं कर्ज घेऊन येणारा चांगला भाडेकरू नकाशा मागतोच, आणि तिथे तफावत दिसली की निघून जातो.

रस्त्याची रुंदी विकास आराखड्यात बघा, डांबराची मोजू नका. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी भागात कोणता व्यवसाय चालेल हे बरंचसं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. त्यात रोजच्या गरजेच्या दुकानांची वेगळी व्याख्या आहे : घाऊक व्यापार नाही, आणि एका दुकानाचं चटईक्षेत्र साधारणपणे वीस चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे २१५ चौरस फूट. किराणा, दूध, भाजी, शिंपी अशी दुकानं यात बसतात. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट परस्पर ऑफिस किंवा क्लास म्हणून वापरणं हा मात्र वापरबदल आहे. त्याला महापालिकेची परवानगी आणि संस्थेची संमती लागते. सिडकोच्या सहा योजनांमधल्या घरांना शिवाय सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या अटी असतात, त्या वेगळ्या वाचाव्यात. सिडकोतल्या त्रिमूर्ती चौक, पवननगरच्या बाजूला घराच्या पुढच्या खोलीत निघालेली दुकानं जोरात चालतात, म्हणून आपणही करू, असं म्हणणाऱ्यांनी आधी आपला करारनामा काढून बघावा.

सामासिक अंतर हा आमच्याकडचा सगळ्यांत मोठा वादाचा विषय होता. गाळ्याच्या भिंतीपासून भूखंडाच्या हद्दीपर्यंतची मोकळी जागा ही कुणा एका गाळेमालकाची नसते. पण हळूहळू तिथे ओटा येतो, ओट्यावर पत्रा, पत्र्याखाली फ्रीज आणि मग जाळीचं कुलूप. पत्रा काढा म्हटलं की गाळेवाला विचारतो, “पावसाचं काय?” हा प्रश्न खोटा नाही. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून झोडपत येतो. पश्चिममुखी गाळ्यात जून ते सप्टेंबर पाणी आत येतं आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ऊन थेट गल्ल्यावर. त्यावर आम्ही सगळ्या गाळ्यांना एकाच उंचीच्या, गुंडाळता येणाऱ्या ताडपत्रीच्या छत्र्या लावल्या. जमिनीत खांब नाही, कायमचं बांधकाम नाही. पत्रे निघाले, आणि अतिक्रमणाच्या पथकाची धास्तीही गेली.

ओटे काढल्यावर उंचीचा प्रश्न आला. गाळ्यांची जोती रस्त्यापासून पंचेचाळीस सेंटीमीटर वर, म्हणजे तीन पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला त्या तीन पायऱ्या पुरेशा असतात परत फिरायला. उताराचं सुरक्षित प्रमाण एकास बारा. पंचेचाळीस सेंटीमीटर चढायला पाच मीटर चाळीस सेंटीमीटर लांबीचा उतार हवा. तो समोर काढला तर रस्त्यावर जातो, म्हणून भिंतीला समांतर, बाजूने काढला आणि वर सगळ्या गाळ्यांना जोडणारी सलग पडवी ठेवली. कंत्राटदार पटकन दोन मीटरचा तीव्र उतार करून देतो. तो पावसात घसरतो. करू देऊ नका.

पार्किंगचा हिशोब मात्र डोळे उघडणारा निघाला. एका चारचाकीला नियमाने अडीच मीटर बाय पाच मीटर जागा, दुचाकीला एक बाय दोन. रस्त्याला समांतर उभी केलेली एक मोटार दर्शनी भागाचे पाच मीटर खाते, तेवढ्यात पाच दुचाकी लागतात. आमच्या समोरच्या तीस मीटरमध्ये दिवसभर चार मोटारी उभ्या असायच्या. कुणाच्या ते पाहिलं, तर तीन गाळेवाल्यांच्याच आणि एक वरच्या रहिवाशाची. गिऱ्हाइकाला थांबायला जागा नाही अशी तक्रार करणाऱ्यांनीच ती जागा अडवलेली होती. मग ठरवलं : गाळेमालक आणि कामगार यांच्या गाड्या मागच्या बाजूला, समोर फक्त दुचाकी, आणि एका टोकाला माल उतरवणाऱ्या टेम्पोसाठी सहा मीटर. टेम्पो सकाळी दहाच्या आत. पट्टे रंगवले. नुसते पट्टे मारून कुणी ऐकत नाही, म्हणून पहिले दोन महिने संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ एक माणूस उभा केला. सवय लागल्यावर काढून घेतला. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडला, तितका दुसऱ्या कशाने पडला नाही.

बंद गाळ्यांचे मालक बहुतेक बाहेरगावी. गाळा गुंतवणूक म्हणून घेतलेला, देखभाल खर्च थकलेला. थकबाकी असलेला गाळा भाड्याने जाताना संस्थेचं ना-हरकत पत्र अडतं, आणि पत्र अडलं म्हणून भाडेकरू जातो. भाडेकरू नाही म्हणून थकबाकी आणखी वाढते. हे चक्र तोडायला आम्ही मालकांना लेखी पर्याय दिला : थकबाकीचे बारा हप्ते, पहिला हप्ता आला की ना-हरकत पत्र. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांनुसार, थकबाकीवर व्याज जास्तीत जास्त दर साल २१ टक्के सरळव्याज लावता येतं. भाड्याने दिलेल्या जागेवरचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, हा शासनाचा आदेश २००१ चा आहे. काही संस्था मनाला येईल ती रक्कम लावतात आणि मग मालक वर्षानुवर्षं भांडत बसतो. दाद न देणाऱ्यासाठी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज करता येतो. आम्ही नोटिशीत कलम लिहिलं, अर्जाची वेळ एकाच मालकाबाबत आली.

आता भाडं. गाळ्याचं भाडं शेजारच्या गाळ्यावरून ठरवतात, ते तिथे चालणाऱ्या धंद्याच्या नफ्यावरून ठरवायला हवं. उदाहरणाचा हिशोब मांडतो. किराणा दुकानाची रोजची विक्री बारा हजार धरा, महिन्याची तीन लाख साठ हजार. त्यात सरासरी दहा टक्के सुटतात, म्हणजे छत्तीस हजार. पंधरा हजार भाडं, तीन हजार वीज, बारा हजार पोऱ्याचा पगार गेला की हातात सहा हजार. सहा महिन्यांत शटर बंद. याच दुकानाला नऊ हजार भाडं असेल तर तो बारा हजार घरी नेतो, तग धरतो, दोन वर्षांत विक्री वाढवतो. मेडिकलची गोष्ट वेगळी. किंमत नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के ठरलेले आहेत, बाकीवर थोडं जास्त. पार्लर, क्लास, दवाखाना यांच्याकडे मालाची गुंतवणूक कमी, ते जास्त भाडं सोसतात, पण त्यांना दर्शनी गाळ्याची गरज नसते. म्हणून सगळ्या गाळ्यांना एकच दर लावू नये. आम्ही मालकांना पायरीचं भाडं सुचवलं : पहिले तीस दिवस सामान लावायला बिनभाड्याचे, पुढचे सहा महिने कमी, मग ठरलेलं. काही मालक तयार झाले नाहीत. त्यांचे गाळे सगळ्यांत शेवटी गेले.

कोणतं दुकान आधी आणायचं, यात क्रम चुकवू नका. आम्ही डेअरी आधी आणली, कारण सकाळी सहाला उघडणारं आणि रोज माणूस खेचणारं दुकान तेच. मग मेडिकल, मग किराणा, मग भाजी. ही चार चालू झाली की इस्त्री, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, शिंपी आपणहून विचारायला येतात. कोपऱ्याचा गाळा नाश्त्यासाठी राखला. नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळीसाठी माणूस दूर जातो, तर जवळ चांगली मिळाली की येतोच, आणि येताना दूध-ब्रेड घेऊन जातो. एकाच प्रकारची दोन दुकानं पहिल्या वर्षी घेतली नाहीत. दोन मेडिकलमध्ये गिऱ्हाईक वाटलं जातं आणि दोघंही रडत बसतात. मेडिकलसाठी गाळा किमान दहा चौरस मीटर हवा आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. आठ चौरस मीटरच्या गाळ्याचा मालक आमच्याकडे आशेने बसून होता, त्याला हे आधीच सांगितलं असतं तर त्याचे चार महिने वाचले असते.

करारनामा अकरा महिन्यांचा आणि नोटरीचा करू नका. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे, महिने कितीही असोत. मुद्रांक शुल्क फार नसतं. पंधरा हजार भाडं, एक लाख परत मिळणारं डिपॉझिट आणि छत्तीस महिने धरले, तर एकूण भाडं पाच लाख चाळीस हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे तीन वर्षांचे तीस हजार. बेरीज पाच लाख सत्तर हजार, तिच्यावर पाव टक्का म्हणजे १,४२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी दोघंही तीन वर्षं निर्धास्त. मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नियमित नोंदणीत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा अठरा टक्के कर भाडेकरूने भरायचा असतो. त्याची वजावट मिळते, पण पैसा आधी जातो. ही गोष्ट सही करण्याआधी बोलून घ्या, नंतर तोंडं वाकडी होतात.

वीज. बंद गाळ्याचं मीटर बहुतेक कायमचं खंडित झालेलं असतं आणि जुनी थकबाकी त्या जागेला चिकटलेली असते. भाडेकरूकडून डिपॉझिट घेण्याआधी जुनं बिल शोधून काढा. वरच्या फ्लॅटच्या घरगुती मीटरवरून खाली वायर ओढणं हा सगळ्यांत महागात पडणारा शॉर्टकट आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि वापर कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. नवं कनेक्शन मागताना भार नीट लिहा. पिठाच्या गिरणीची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे एकटी साडेपाच किलोवॉटच्या वर. ती थ्री फेजवरच घ्यायची.

गिरणी तळमजल्यावर, राहत्या फ्लॅटच्या थेट खाली नको. मोटरखाली रबरी पॅड टाकले तरी कंपनं भिंतीतून चढतात. आम्ही ती जिन्याच्या पलीकडच्या गाळ्यात नेली आणि वेळ सकाळी नऊ ते दुपारी एक, संध्याकाळी पाच ते आठ ठरवली. तळणाऱ्या दुकानाच्या धुराड्याचा पाइप गच्चीच्या वर काढायला लावला. रहिवासी आणि गाळेवाले यांची भांडणं या दोनच गोष्टींवरून होतात, आवाज आणि वास. त्यांचं आधी लिहून ठेवलं की निम्मी बैठक वाचते.

परवान्यांचं थोडक्यात सांगतो, कारण हे आता बहुतेक ऑनलाइन आहे. कमी कामगारांच्या दुकानाने २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत सूचना द्यायची, जास्त कामगार असतील तर नोंदणी. संख्येची मर्यादा अर्जाच्या दिवशी काय आहे ते पाहून घ्या. व्यवसाय कराचं नावनोंदणी प्रमाणपत्र, वर्षाला अडीच हजार. खाद्यपदार्थ असतील तर चौदा अंकी अन्न सुरक्षा क्रमांक, तो दुकानात दिसेल असा लावायचा. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची पडताळणी दर वर्षी. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. मुद्रा कर्जाला शिशू गट पन्नास हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत. दोन दुकानदारांना किशोरमधून फ्रीज आणि रॅक घेता आले.

फलकांवर मराठी देवनागरीत, सुरुवातीला आणि इतर भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवी, दुकान कितीही छोटं असो. आम्ही सगळे फलक एका रेषेत, एका उंचीवर घेतले. पडवीत पन्नास वॉटचे सहा दिवे, रोज पाच तास. महिन्याला पंचेचाळीस युनिट. ते संस्थेच्या सामायिक मीटरवर घेऊन चालू गाळ्यांत वाटून टाकले. अंधार गेला आणि रात्री नऊनंतरही बायका औषधाला एकट्या यायला लागल्या.

कचऱ्यासाठी प्रत्येक गाळ्यात ओला-सुका वेगळा आणि घंटागाडीच्या वेळी दुकानदाराने स्वतः टाकायचा. दवाखान्याचा जैविक कचरा त्यात कधीही जाऊ द्यायचा नाही, त्याची गाडी वेगळी.

रविवारी सकाळी दिंडोरी-निफाडकडचा शेतकरी थेट विक्रीला बसवायची कल्पना वरच्या रहिवाशांची. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकता येतो, त्यामुळे अडचण नव्हती. सामासिक जागेत, सात ते दहा, फक्त दोन टेम्पो, जागा झाडून परत. भाजीवाल्या गाळेदाराने विरोध केला, त्याचंही बरोबर होतं, रोज भाडं तो भरतो. म्हणून शेतकऱ्याकडून फक्त द्राक्षं, कांदा, डाळिंब असा हंगामी आणि मोठ्या प्रमाणावर विकला जाणारा माल ठेवला. पालेभाजी गाळेवाल्याची.

नऊपैकी सात शटरं आता रोज उघडतात. उरलेले दोन गाळे मागच्या बाजूला आहेत. त्यातला एक क्लाससाठी मागणारे तीनदा येऊन गेले आणि तिघांनीही एकच विचारलं : मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे? नकाशात ते जिन्याखाली दाखवलेलं आहे, प्रत्यक्षात तिथे जुन्या सायकली आणि रंगाचे डबे होते. डबे काढले, ड्रेनेजची जुनी लाइन सापडली, ती मुळांनी बुजलेली आहे. प्लंबरने पावसाळ्याआधी मोकळी करून द्यायचं कबूल केलं आहे.